खिंडीखालचं घर

१

महाडात माझं सायकलचं दुकान होतं. तासाच्या भाड्यानं सायकली द्यायच्या, पंक्चरं काढायची, वाकड्या चाकाचा आउट काढून ते सरळ करायचं, हा माझा धंदा. दुकान सोमवारी बंद. लग्न झाल्यापासून हा सोमवार मी झोपून काढत असे आणि त्याबद्दल माझी बायको राहीबाई हिची काही तक्रार नव्हती. पण अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात तिचा धाकटा भाऊ हैबती मुंबईहून आला आणि माझे सोमवार गेले.

हैबती मिलमध्ये साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर होता. त्याला कावीळ झाली. उतरली, पण माणूस चिपाडासारखा झाला, म्हणून रजा काढून तो गावी यायला निघाला. त्यांची वाडी पोलादपूरच्या पलीकडं डोंगरात. तिथं औषधपाणी मिळायचं नाही म्हणून राहीबाईनं त्याला आमच्याकडंच ठेवून घेतला. आई गेल्यावर तिनंच त्याला कडेवर वाढवलेला. तिनं त्याला ताक, नाचणी, उसाचा रस असं काही चारलं की पौषापर्यंत गडी गालांनी भरला आणि कंटाळला. माझ्या दुकानात येऊन बसायचा, गिऱ्हाइकांशी अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलायचा, सगळं त्याला 'एकदम फस्कलास' वाटायचं.

एका सोमवारी त्यानं मला विचारलं की समोरच्या डोंगरापलीकडं काय आहे. मी म्हटलं, असेल एखादं गाव. कसं गाव, ते मला सांगता येईना. जन्म महाडात गेला, पण डोंगरापलीकडं जायचं तर आम्ही नेहमी रस्त्यानं वळसा घालून जाणार. हैबती म्हणाला, मग बघून येऊ.

असा आमचा नाद सुरू झाला. देशावर चढणारे मोठे घाट वेगळे. आमच्या खिंडी म्हणजे दोन खोऱ्यांमधल्या डोंगराची पाठ जिथं बैलाच्या पाठीसारखी जरा दबलेली असते, तेवढ्या जागा. बाजाराला जाणाऱ्या बायांची पायवाट, वर एखादा शेंदूर लावलेला धोंडा, बाजूला करवंदीची जाळी. रस्ता असेल तिथवर सायकल मारायची, चढ लागला की सायकल खांद्यावर घ्यायची, पलीकडं उतरायचं आणि दुसऱ्या रस्त्यानं घरी यायचं. वाटेत भेटणारी माणसं आम्हाला हसत. एका म्हातारीनं तर विचारलं की हे जनावर लंगडतंय म्हणून उचलून नेताय काय. हैबतीनं तिला सांगितलं, लंगडत नाय आजी, लाडावलंय.

२

पहिलं घर दिसलं ते नाते गावाच्या पुढच्या एका खिंडीखाली.

आम्ही चढून वर आलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पाणी संपलं होतं. उतारावर ऐनाची झाडी होती, ती संपली आणि एकदम सारवलेलं अंगण लागलं. एकटंच घर. कौलारू, नीटनेटकं, ओटीच्या भिंतीला खालपासून अर्ध्यापर्यंत निळा रंग. अंगणात काजूचं झाड आणि त्याखाली बाज. दारात एक बाई उभी होती. पन्नाशीची असेल. कपाळावर आडवं कुंकू, हिरवं लुगडं, चेहरा असा की पाहिल्यावर आपल्याला आपली मावशी आठवावी.

"बसा," ती म्हणाली. "आलात ते बरं झालं."

तिनं गूळ आणि पाणी आणून दिलं. इतकं गार पाणी मी त्या हिवाळ्यात कुठं प्यालो नव्हतो. हैबतीनं तिची चौकशी केली, मुलंबाळं, शेती. ती हसून एवढंच म्हणाली की घरात माणसं पुष्कळ आहेत. ते खरं असावं, कारण आतून जात्याचा आवाज येत होता. घरघर, घरघर, एका लयीत.

निघालो आणि बरंच खाली आल्यावर मला जाणवलं की त्या आवाजात काहीतरी कमी होतं. जातं ओढणारी बाई गुणगुणते. ओवी नसेल तर निदान दम टाकते, मुठीनं दाणे घालताना थांबते. आम्ही बसलो होतो तेवढा वेळ ते जातं थांबलं नव्हतं. मी हैबतीला हे सांगितलं. तो म्हणाला, दाजी, तुमचे कान दुकानात राहून बिघडलेत, तुम्हाला प्रत्येक चाकात खोट ऐकू येते. ते खरंच होतं.

घरी पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की तो आपला पंचा त्या बाजेवर विसरला. लाल काठाचा, एका कोपऱ्याला विडीनं जळून भोक पडलेला. राहीबाईनं त्याला नवा दिला.

३

दोन सोमवार पाहुण्यांत गेले. तिसऱ्या सोमवारी आम्ही उलट दिशेला गेलो. पोलादपूर गाठलं, पुढं कापडे गावात एका ओळखीच्या घरी चहा घेतला, तिथून कापणी झालेल्या भातशेतांच्या बांधावरून सायकली ढकलत मागची खिंड चढलो. नाते गावापासून ही जागा फार लांब. नदी वेगळी, खोरं वेगळं, माणसांच्या बोलण्याचा हेलसुद्धा थोडा वेगळा. हवा मात्र मस्त होती. हैबती शीळ घालत पुढं चालला होता.

उतारावरची झाडी संपली आणि सारवलेलं अंगण लागलं.

निळी ओटी. काजूचं झाड. बाज. दारात बाई.

माझे पाय थांबले. हैबतीचे नाही. तो हसतच पुढं गेला आणि काजूच्या फांदीवरून वाळत घातलेला पंचा त्यानं ओढून काढला. लाल काठ, जळकं भोक. धुऊन स्वच्छ केलेला.

"आज वर या," बाई म्हणाली. "आंगणातनंच गेलात त्या दिसाला."

आम्ही ओटीवर बसलो. तिनं ताक दिलं, वर मीठ आणि ठेचलेलं आलं. चांगलं होतं, हे मी कबूल करतो. माझ्या पाठीशी भिंत होती आणि भिंतीपलीकडं जातं चालू होतं. भिंतीला टेकलं की ते पाठीच्या कण्यात कळायचं. मी टेकलो नाही. मध्येच मला वाटलं, आत कुणीतरी बूड हलवून नीट बसलं, आणि मग दुसरं कुणीतरी, जशी पंगतीत वाढप्याची वाट बघणारी माणसं हलतात.

मी तिला विचारलं की नाते गावाकडं तुमचं कोणी आहे का. ती म्हणाली, "सगळीकडंच हाय."

४

परत येताना पोलादपूरच्या हॉटेलात मी हैबतीला धरून बसवलं आणि दोघांनी मिळून ह्या गोष्टीचा आउट काढायला घेतला. माझा स्वभावच तसा. सायकल आवाज करते तेव्हा तिच्यात भूत नसतं, बेरिंग गेलेलं असतं.

हैबतीकडं उत्तरं तयार होती. आपल्याकडच्या मुली खिंडीपलीकडंच देतात. ह्या दोघी बहिणी असणार, म्हणून दिसायला सारख्या. बहिणीनं बहिणीला पंचा पाठवला, की असे असे दोन सायकलवाले आले तर दे. सायकल खांद्यावर घेऊन डोंगर चढणारी जोडी ह्या मुलखात दुसरी कुठं आहे? निळा रंग महाडच्या बाजारातच मिळतो, तोही एकाच छटेचा. सुतारही एकच असेल. राहिलं काजूचं झाड, तर काजू कोकणात कुठं नाही?

सगळं पटण्यासारखं होतं. मला ते पटलंही. फक्त हॉटेलच्या मालकाला मी सहज विचारलं की कापड्याच्या मागच्या खिंडीपलीकडं ते एकटं घर कुणाचं. तो भजी तळत होता. म्हणाला, तिकडं घर कोण बांधील, उतारावर पाणी कुठं आहे. आणि झारा कढईवर आपटून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

हैबती हसला. आपण ताक प्यालो त्यात पाणी होतंच की, म्हणाला.

५

त्यानंतर मी खिंडी बंद करायचं मनात घेतलं होतं. पण हैबतीची रजा संपत आली होती आणि त्याला मुंबईला जाण्याआधी सवच्या उन्हाळ्यात, म्हणजे तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात, एकदा डुंबायचं होतं. सव म्हणजे महाडच्या अंगणातलं गाव. तिथून परत येताना आमच्या माळाकडं उतरणारी एक लहानशी खिंड आहे. खिंड कसली, उंचवटाच. त्या उतारावर मी लहानपणी गुरं वळली आहेत, गवत कापलं आहे. त्यातला प्रत्येक दगड माझ्या ओळखीचा. तिथं ऐन नाहीत, काजू नाही, घर तर नाहीच. म्हणून मीच म्हटलं की त्या वाटेनं जाऊ.

कुंडात आम्ही मनसोक्त डुंबलो. हैबतीनं तिथल्या म्हाताऱ्यांना मुंबईच्या गमती सांगून खदखदून हसवलं. अंग हलकं झालं, पोटात कावळे ओरडायला लागले. राहीबाईनं आम्ही परतल्यावर जेवायचं म्हणून सांगितलं होतं, त्यामुळं बरोबर काही घेतलं नव्हतं. दुपारच्या स्वच्छ उन्हात आम्ही उंचवटा चढलो. वरून सावित्रीचं पात्र दिसत होतं, महाडची कौलं दिसत होती. माझ्या दुकानाची दिशा मी हैबतीला बोटानं दाखवली.

उतरायला लागलो तर डाव्या-उजव्या अंगाला ऐनाची झाडी.

मी मनात म्हटलं, वाढली असतील. इतक्या वर्षांत झाडं वाढतात. हे मी मनात म्हणत होतो तोवर पायांखाली सारवण लागलं.

हैबतीनं सायकल खांद्यावरून उतरवून काजूला टेकवली आणि घरी आल्यासारखी घंटी वाजवली.

६

"पानं मांडलीत," बाई म्हणाली. "हातपाय धुवा."

तिचा चेहरा तसाच मायेचा. मला कुठंही काही वाईट दिसत नव्हतं, आणि भातावर आत्ताच झाकण काढल्यासारखा वास येत होता. भूक लागलेल्या माणसाचे पाय अशा वासामागं आपोआप जातात. ओटी ओलांडली, पडवी ओलांडली, माजघरात आलो. तिथं गारवा होता. जमीन नुकतीच सारवलेली. कोनाड्यात समई नव्हती, तरी दिसत होतं. जातं चालूच होतं, आता अगदी जवळ, पलीकडच्या खोलीत. बाई त्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि जातं थांबलं.

ते थांबल्यावर मला कळलं की मी त्या आवाजाच्या आधारावर उभा होतो.

बाई दारातून एका बाजूला झाली. आतल्या अंधारात मला पाठी दिसल्या. भिंतीकडं तोंड करून ओळीनं माणसं बसली होती. एकाचं मुंडासं, एकीचा सैल अंबाडा आणि बाजूला टेकवलेली बांगड्यांची पेटी, एकाच्या खांद्यावर घोंगडी. पुढ्यात पानं वाढलेली होती, त्यांतून वाफ निघत होती. एकाचाही हात पानाकडं जात नव्हता. ओळीच्या शेवटी दोन पाट रिकामे होते.

हैबती पुढं झाला. मी त्याचं मनगट धरलं. मला काय सुचलं ते देव जाणे, पण तोंडातून आलं ते हे, "मावशी, आज सोमवार. आमचा उपास हाय."

बाईनं माझ्याकडं पाहिलं. मागच्या सोमवारी ताक प्यालो होतो, ते तिला आठवत असणार. मी घाईनं सांगितलं की ह्याची कावीळ उतरली म्हणून नवस बोललोय, आजपासूनच धरलाय, दोघांनीही. हैबती माझ्याकडं बघतच राहिला. उपासाच्या माणसाला ह्या मुलखात कोणी आग्रह करत नाही. तेवढ्याच रीतीवर माझी भिस्त होती.

ती रागावली नाही. पदर सारखा करत हसली.

"उपास सुटतोच कवा ना कवा," म्हणाली.

मी उलट्या पावलांनी पडवीत आलो, वळलो, ओटी उतरलो. हैबतीचं मनगट माझ्या हातातून कधी सुटलं ते मला सांगता येत नाही. सायकल उचलली आणि एकदा मागं पाहिलं. सगळी दारं एका रेषेत होती, ओटीचं, माजघराचं आणि आतलं. उन्हाचा एक पट्टा थेट त्या शेवटच्या खोलीपर्यंत गेला होता. तिथं एकच पाट रिकामा होता.

"चला की दाजी," हैबती शेजारून म्हणाला. तो सायकल घेऊन माझ्या अगोदर तयार होता.

७

घरापर्यंत तो गात आला. मी मात्र उतारावर दोनदा धडपडलो. दारात राहीबाईला पाहिलं तेव्हा माझ्या जिवात जीव आला. तिनं पानं घेतली तर मी म्हणालो, माझा उपास आहे. बोललो होतो ते निदान खरं तरी करावं, असं मला वाटलं. राहीबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. देवळात नारळ फोडायला सांगितला तर उद्या जातो म्हणणारा हा माणूस, ह्याला कुंडातल्या पाण्यानं पुण्य लागलं की काय, असं तिनं शेजारणीलाही सांगितलं. मी साबुदाणा खाल्ला. हैबतीनं, पोट भरलेलं आहे म्हणून, नुसतं पाणी घेतलं. कुंडातल्या पाण्यानं भूक मरते, असं राहीबाई म्हणाली आणि मीही तेच धरून बसलो.

पाटाचं काय, तर अंधारात उन्हाचा पट्टा पडला की डोळ्यांपुढं काळं-पांढरं नाचतं. दोन वस्तूंची एक दिसते. दुकानात भर दुपारी उन्हातून आत आलो की मला नट खोलायचा पानाही सापडत नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा समजावलं.

त्या आठवड्यात हैबती मुंबईला गेला. त्याची पत्रं नियमित येत. तब्येत फस्कलास होती. वजन वाढलं होतं. साच्यावरचे लोक त्याला पहिलवान म्हणत होते. मी सोमवार पाळत राहिलो. गल्लीत माझी भाविक म्हणून ख्याती झाली आणि एका गिऱ्हाइकानं तर सायकलला हार घालायला मला बोलावलं.

८

शिमग्याला चाकरमानी आले त्यात हैबती आला. गोलमटोल, नव्या सदऱ्यात, बहिणीला पातळ आणि मला इंग्लंडचा पंप घेऊन. दुपारी राहीबाईनं त्याच्या आवडीचं वालाचं बिरडं आणि भात केला. मी दुकान बंद करून आलो, पाय धुतले आणि स्वयंपाकघराच्या दारात आलो.

तो पाटावर बसला होता. भिंतीकडं तोंड, माझ्याकडं पाठ. पानातून वाफ येत होती. शेजारचा पाट रिकामा होता. तो माझा.

मला पुढं पाऊल टाकता येईना. मी त्याला हाक मारली. क्षणभर काहीच झालं नाही. मग तो वळला. तोंडात मोठा घास होता, ओठाला बिरड्याचा रस लागला होता. त्यानं मला हातानं ये म्हणून खुणावलं. मी इतका मोकळा हसलो की राहीबाईनं चुलीपासून मान वळवून पाहिलं. त्याच्या शेजारी बसलो, त्याच्या पाठीवर थाप मारली. पाठ ऊबदार होती. माणसाची होती. मी जेवायला लागलो.

राहीबाईनं त्याला भात वाढता वाढता विचारलं, मुंबईत असा भात मिळतो का.

"मुंबईत नाय," हैबती म्हणाला. "पर बाय गो, याच्या तोडीचा एकदाच जेवलोय मी. सवच्या खिंडीखाली एका बाईच्या घरी. अजून चव हाय जिभेवर."

माझा घास हातातच राहिला. राहीबाई माझ्याकडं वळली. एवढं जेवून आलात आणि मला उपास म्हणून सांगितलंत, असं तिच्या डोळ्यांत होतं.

"दाजी नाय जेवले," हैबतीनं तिला समजावलं. "त्यांचा उपास होता ना. त्यांचं पान ठेवलंय झाकून."

राहीबाईचा राग गेला. तिनं माझ्या पानात बिरडं वाढलं, वर तुपाची धार धरली.

"असं कुणाचं अन्न अडवून ठेवू नये," ती मला म्हणाली. "दोघं एकदा जाऊन जेवून या."

"म्हणून तर आलोय," हैबती म्हणाला, आणि माझ्याकडं बघून अगदी मायेनं हसला.